गाळणं, सावली, गडप

टण्ण.

मग फरशीवर काहीतरी गोल गोल घरंगळत गेलं, पलंगाच्या पायाला आपटलं आणि स्वतःभोवती फिरत फिरत आडवं झालं. दुपारच्या त्या झोपलेल्या घरात तेवढाच आवाज. तिनं मान वर केली. पडद्याच्या दांडीवरची एक पितळी कडी निसटून पडली होती आणि पडद्याचा वरचा कोपरा एखाद्याचा खांदा पडावा तसा लोंबत होता. आईची झोप काही मोडली नाही. खुर्चीत मान एका बाजूला टाकून तिचं मंद घोरणं चालू होतं, मांडीवर हात, हातावर हात. पलंगावर तिची लेक गुंडी उताणी, एक पाय भिंतीला लावून, तोंड उघडं. या दोघींना अशा वेळी तिनं कधी पाहिलंच नव्हतं. सकाळी दारातच पोर आईच्या हातात द्यायची आणि जिन्यावरून पळत सुटायचं, संध्याकाळी दिवे लागल्यावर येऊन पोर उचलायची, हा तिचा शिरस्ता. सुट्टीच्या दिवशी धुणी, सामान, दुसऱ्या गावी नोकरी करणारा आणि तेवढ्यापुरता घरी येणारा नवरा. आज जिच्याकडे खिडक्यांची मापं घ्यायला जायचं त्या बाईनं ऐनवेळी पाहुणे आले म्हणून नको सांगितलं आणि तिच्या पडद्यांच्या दुकानाचा मालक म्हणाला, "जा, पोरीला घेऊन घरी जा. माझा विचार बदलायच्या आत जा." मग ती आपल्याजवळच्या किल्लीनं आईच्या घराचं दार उघडून, चपला हातात घेऊन आत आली, आणि पलंगाच्या काठावर नुसती बसून राहिली. दोघींचा श्वास ऐकत. किती दिवसांनी काहीच न करता बसलो आपण, असं वाटून तिला जरा भरून आलं होतं, तेवढ्यात ती कडी पडली.

लोंबणारा पडदा बघून गप्प बसणं तिच्या हातांना जमणारच नव्हतं. स्टूल घेतलं, पडद्याचं ते एक पान दांडीवरून अलगद उतरवलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर बसून मांडीवर पसरलं. खोलीत एकदम ऊन शिरलं. झोपेतच आईच्या कपाळावर आठी पडली, तिनं तोंड पलीकडे वळवलं. पडदा तिनंच शिवलेला, गुंडी पोटात होती तेव्हा. शेवाळी रंगाचं जाड सुती कापड, चुण्या हातानं घातलेल्या, खाली वीतभर दुमड. अस्तर लावू का म्हणून विचारलं तर आई म्हणाली होती, "अस्तर कशाला? मला काय उजेडाचा कंटाळा आलाय?" सगळा जन्म लोकांच्या खिडक्यांची पानं शिवण्यात गेला, आता आपल्या खिडकीत बसून बाहेर बघणार, असं म्हणून आईनं ही खुर्ची मुद्दाम खिडकीकडे तोंड करून मांडून घेतली होती. सुईत दोरा ओवता ओवता तिचं लक्ष कापडावर गेलं. आधी नुसतंच गेलं. मग ती थांबली. मग सुई तिनं कट्ट्यावर ठेवली, आणि नंतर ती सुई कुठे गेली ते तिला आठवेना.

पडदा पुरा विटला होता. पुरा, म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत. चुणीचा जो उंचवटा खिडकीकडे असतो तो फिकट, जो खळगा आत दडलेला असतो तो गडद. फिकट, गडद, फिकट, गडद, एकसारख्या पट्ट्या, जणू कापडच तसं विणलेलं. इतकी नेमकी नक्षी तिनं क्वचितच पाहिली होती. जुने पडदे उतरवायची वेळ आली की दुकानातले लोक तिलाच बोलावत. उंच, काटकुळ्या फिटरला सगळे शिडी म्हणत, तो दांडीचे स्क्रू काढता काढता डोळे मिचकावून म्हणायचा, "सांगा मापबाई, या घरात काय चालतं?" आणि ती कापड उन्हात धरून सांगायची. रोज उघडणारा पडदा दिवसभर बाजूला गोळा होऊन उभा असतो, त्याची फक्त बाहेरची कड आणि पहिल्या दोनचार चुण्या उन्हानं खातात, बाकीचं अंग नव्यासारखं राहतं. फक्त दुपारी झोपेपुरता ओढला जाणारा पडदा वेगळा, सगळ्या अंगानं किंचित पिकलेला. एका घरात पोरांच्या खोलीतला पडदा सगळाच विटला होता, कुणी कधी बाजूला न सारलेला. "पोरं मोठी होऊन गेलीत, खोली बंद असते," असं ती सहज बोलून गेली आणि घरातली बाई डोळ्यांना पदर लावून आत निघून गेली होती. त्या दिवशी शिडीनं तिला खाली रस्त्यावर झापलं होतं. "तुम्ही पडदे काढायला येता का लोकांच्या जखमा?" तेव्हापासून ती मनातल्या मनात वाचायची. वाचायची मात्र नक्की. न वाचणं हातात नव्हतं.

आणि हा पडदा म्हणत होता की मला कुणी उघडलेलंच नाही. दुपारी नाही, सकाळी नाही. ऋतू आले नि गेले, ऊन माझ्या पाठीवर तापून निवलं, आणि मी तसाच.

असं कसं असेल, ती स्वतःशी म्हणाली. ओठ हलले, आवाज आला नाही. कारण रोज संध्याकाळी, ती दारात आली की आधी खिडकीच्या बातम्या. आज समोरच्या गच्चीवर पिवळी चादर वाळत होती, वाऱ्यानं उडाली ती थेट खालच्या झाडावर. आज त्या टकल्या गृहस्थांनी कुत्र्याला बाहेर काढलंच नाही, कुत्रं गॅलरीत बसून रडत होतं. आज कोपऱ्यावर दोन शाळकरी पोरी भांडल्या नि लगेच गळ्यात गळे. आईच्या या बातम्या ती पोरीचे बूट शोधता शोधता अर्ध्या कानानं ऐकायची आणि जिन्यात उतरताना तिला हलकं वाटायचं. बरं आहे बाई, आईचं मन रमतंय. खिडकी आहे, पोर आहे. आता मांडीवर तो शेवाळी वाटणारा, खरं तर निम्मा राखाडी झालेला पडदा घेऊन ती बसली होती आणि त्या सगळ्या बातम्या एकामागून एक तिच्या डोळ्यांसमोरून जात होत्या, पिवळी चादर, कुत्रं, पोरी, आणि प्रत्येकीच्या मागे ही पट्ट्यापट्ट्यांची भिंत उभी. आई रचून सांगते? कशासाठी? एकटं माणूस भ्रमिष्ट होतं म्हणतात, तसं काही? की बाहेरच्या कुणाची भीती बसलीय, कुणी खिडकीतून बघतं, त्रास देतं, आणि आपण विचारलंच नाही? कापड हाताला चिकटत होतं.

मागच्या आठवड्यात आई म्हणाली होती, "समोरच्या बाईनं खिडकीला गुंडाळीचं ब्लाइंड लावलंय बघ. वाकडं बसवलंय मेल्यांनी. डावीकडून बोटभर खाली." ती खळखळून हसली होती तेव्हा. दुकानात जाऊन शिडीलाही सांगितलं होतं, आमच्या आईची नजर बघ, रस्त्यापलीकडचं बोटभर तिला दिसतं. आता तिनं मान वळवली. समोरच्या इमारतीत, नेमकी त्याच उंचीवर, एका खिडकीत पांढरं ब्लाइंड अर्ध्यावर ओढलेलं होतं आणि डावीकडून बोटभर खाली होतं. म्हणजे रचलेलं नव्हतं. कुणीतरी पाहिलं होतं. खोटं असतं तर बरं झालं असतं असं क्षणभर वाटून गेलं. पडदा खोटं बोलत नव्हता आणि आईही नाही, आणि या दोघांच्या मधे जी एक जागा उरत होती तिच्याकडे बघायचं धाडस तिला होत नव्हतं.

पण हात थांबले नाहीत. हातांना सवय होती. पुढची कड त्यांनी वरून खाली चाचपत नेली, जसं प्रत्येक पडद्याला नेतात, आणि खाली, दुमडीच्या जरा वर, ते थांबले. तिथे कापड मऊ पडलं होतं. मळून मळून तुळतुळीत, काळपट, मुठीएवढं. मोठ्या माणसाच्या मुठीएवढं नव्हे. तिनं फरशीवर गुडघे टेकले, दांडीवर उरलेल्या दुसऱ्या पानाशी उभं राहिलं तर पोरीचा हात कुठे येईल ते बघितलं. त्याच उंचीवर त्या पानालाही तसाच डाग. मधल्या फटीत, कोपरा उचलून, तोंड खुपसून कुणीतरी रोज बाहेर बघत होतं. खिडकीच्या काचेवर खालच्या बाजूला नाकाचा एक ठसा होता. ओला नव्हता पण ताजा होता.

ती तिथेच बसून राहिली, फरशीवर, पाठ भिंतीला लावून. रडू आलं नाही. रडण्याच्या अलीकडे कुठेतरी एक रिकामी, पांढरी, दिवा न लावलेली खोली असते, तिथे ती होती. तिथून तिला ही खोली दिसत होती आणि प्रत्येक वस्तू जणू आत्ताच कुणी आणून ठेवली होती. खुर्ची, जी आता खिडकीकडून वळवून आडवी मांडलेली होती. कधी फिरवली? स्वयंपाकघराच्या दारातून दिसणारी डब्यांची ओळ. प्रत्येक डब्याच्या झाकणावर कापडाचा तुकडा चिकटवलेला. मखमलीचा साखरेवर, तागाच्या खरखरीत कापडाचा मिठावर, जाळीदार कापडाचा चहापत्तीवर. गंमत वाटली होती तिला, चिंध्या वाया न घालवणाऱ्या आईची हौस. गॅसच्या बटणाला पडद्याच्या दोरीची गाठ मारलेली. गुंडीला उघडता येऊ नये म्हणून असेल असं तिनं ठरवून टाकलं होतं. परक्या कुणाच्या घरी हे दिसलं असतं तर एका नजरेत ओळखलं असतं. इथे मात्र संध्याकाळ असायची, घाई असायची, आणि ही आई होती. आपल्या आईला कोण बघतं? आई असते, भिंत असते तशी.

आईनंच तिला शब्द शिकवले होते. शाळेत जायच्या आधी, मशीनच्या पायाशी बसवून. दुकानात कॅटलॉगमधे जे शीअर, ते आईच्या भाषेत गाळणं. उजेड गाळून आत सोडतं, चोथा बाहेर ठेवतं. अर्धा उजेड अडवणारं, ज्याला दुकानवाले डिम-आउट म्हणत, ती सावली. आणि सगळा उजेड गिळणारं ब्लॅकआउट म्हणजे गडप. पडदा बांधायची पट्टी म्हणजे कंबरपट्टा, दांडी झाकणारी वरची फळी ती कपाळपट्टी. आता दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना तिच्या तोंडून कधी चुकून गडप निघून जाई आणि गिऱ्हाईक हसून तेच मागे, "हां, तुमचं ते गडपच द्या आम्हाला." हेच शब्द आई आता गुंडीला शिकवत होती. केवढं कौतुक वाटलं होतं तिला. बाकीच्या पोरी लाल-पिवळा शिकतात, हिची शेवाळी, राखी, विटकरी, मोरपिशी, आणि त्यातही "विटलेला विटकरी की कोरा विटकरी?" म्हणून आजीची उलटतपासणी. नुसतं झाड म्हणून चालायचं नाही. कसं? हललेलं की उभं? उजेड पुढून की मागून? घडी पडलीय की सरळ? "आजी, मागून उजेड, गाळण्यासारखा." "शाब्बास गं माझी गुंडी." तिला वाटलं होतं आई आपली विद्या पुढे देते आहे. आई पोरीला शिकवत होती हे खरंच होतं. आई आपले डोळे घडवत होती.

आणि रस्ता. हा विचार इतका वेळ बाजूला उभा होता, तो आता पुढे आला. रोज गुंडीला घेऊन आई भाजी आणायला जायची. दोन्ही बाजूंनी भरधाव गाड्या जाणारा तो रस्ता ओलांडून. एकदा दुकानाच्या टेम्पोतून जाताना तिनं त्या दोघींना लांबून पाहिलं होतं, हातात हात, काठावर उभ्या, आणि शिडीला कौतुकानं म्हणाली होती, "ती बघ आमची वरात." तेव्हा पाहिलेलं आता तिला पुन्हा दिसलं, पण स्वच्छ, कुणीतरी मधलं कापड काढून घ्यावं तसं. आईची मान सरळ, समोर. गुंडीची मान मात्र डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मग गुंडीनं तो हात खाली ओढला. मग आईनं पाऊल टाकलं.

तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

"गुंडे," आई खुर्चीतून म्हणाली. जाग आली होती तिला. डोळे मिटलेलेच, कपाळावर हात आडवा. "पडदा का उघडलास गं? भाला घुसतोय डोळ्यात. ओढ आधी."

आईनं डोळे उघडले आणि सरळ तिच्याकडे पाहिलं. चार पावलांवर, भर उजेडात, तिच्याकडे. आईच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. ना नवल, ना आनंद.

"गुंडे? रुसलीस का? बरं, नको ओढूस. बातमी दे मग. पिवळी चादर आहे का आज?"

पलंगावर चुळबुळ झाली. गुंडी उठून बसली, केस उभे, गालावर उशीची घडी. आधी खिडकी पाहिली, मग फरशीवर बसलेली आपली आई, मग आजी. तिघींच्या मधे जे काही होतं ते त्या पोरीला सगळ्यांत आधी कळलं.

"आजी," ती हळूच म्हणाली, "आई आलीय."

एक क्षण. फार तर एक श्वास. आणि मग खुर्चीतल्या आईचा सगळा चेहरा उजळला, वळला, बरोबर नाही पण जवळपास बरोबर दिशेला, आणि तिच्या तोंडून शब्द धावत सुटले. "अगं बाई! मला वाटलंच. म्हटलं एवढा उजेड कुणी आणला घरात? उन्हामुळे पटकन दिसलं नाही बघ. लवकर सोडलं होय आज? बस ना वर, खाली काय बसलीस. छान दिसतोय गं तुला हा हिरवा."

"निळा," गुंडी दबल्या आवाजात म्हणाली. "आजी, निळा. कोरा."

सफाईनं म्हणाली. नाटकात मागून शब्द पुरवणारा पुरवतो तसं, ओठ फारसे न हलवता. अशी वेळ आधी किती वेळा आली असेल ते त्या सफाईतच दिसत होतं. तिला आठवलं, दर संध्याकाळी आई तिच्या कपड्यांबद्दल एखादं वाक्य बोलायचीच. दर संध्याकाळी गुंडी आधी आजीच्या कानाला लागून काहीतरी सांगायची. दोघींची गुपितं, असं म्हणून ती हसायची.

"निळाच की," आई म्हणाली. पण आवाजातली हवा गेली होती. खुर्चीच्या हातावर तिची बोटं कापडाचा पोत बघावा तशी फिरत राहिली, पुढे, मागे, लव उलटी, लव सुलटी.

"कधीपासून, आई?"

"काय कधीपासून?"

"आई."

"हळू बोल. पोर आहे."

"पोरीला माहीत आहे सगळं. मलाच माहीत नाही."

खाली रस्त्यावरून एक गाडी हॉर्न देत गेली. मग आई बोलायला लागली ती गिऱ्हाइकाला समजावून सांगावं तशी, साधी, न थांबता. "आधी गाळणं होतं. छान वाटायचं, खोटं नाही सांगत. सगळ्या जगाला जाळीचा पडदा लावलाय कुणीतरी. म्हटलं चष्म्याचा नंबर वाढला. मग एका बाजूनं सावली ओढली गेली. आपल्याला कळत नाही गं ओढताना, इतकी हळू. उजव्याला आता गडप आहे. डाव्याला सावली. ऊन आलं की सावलीतलंही पुसून जातं, म्हणून पडदा. डॉक्टरकडे गेले होते मी, उगाच नको ओरडूस. एकटीच गेले. तो म्हणाला आतली नस वाळतेय, गेलं ते येत नाही, उरलं ते धरून ठेवू. थेंब आहेत. घालते मी. गुंडी सांगते बाटली कुठली ती."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी गुंडीला आणली असतीस इथे?"

तिला हो म्हणायचं होतं. खरंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आणि डोळ्यांपुढे रस्ता आला.

"बघ," आई म्हणाली. तिला न दिसता तिनं ते पाहिलं होतं. "तू कुठल्याशा पाळणाघरात टाकली असतीस. चांगलंच असतं ते, वाईट नाही म्हणत. पण मग मी इथे काय केलं असतं? भिंतीला कान लावून बसले असते? तिला काही झालं का आजवर? सांग ना. उपाशी राहिली? पडली? लागलं कुठे?"

"रस्ता कोण ओलांडतं, आई?"

उत्तर आलं ते पलंगावरून, अभिमानानं, पाय हलवत. "मी! मी थांब म्हटलं की आजी थांबते. मी चल म्हटलं की चालते. एकदाच फक्त मी चुकले होते. तेव्हा तो सायकलवाला ओरडला."

घरात पुन्हा शांतता झाली. पण ती मघाची नव्हती. मघाची मऊ होती. ही ताणून बसवलेली, कडांना खिळे मारलेली. तिच्या कानात त्या सायकलची घंटा वाजत होती, न ऐकलेली घंटा. हात पोरीला ओढून घ्यायला निघाले होते आणि आईलाही ओढून घ्यायला निघाले होते आणि त्यामुळे कुठेच जात नव्हते. उद्याची सकाळ तिच्यासमोर उभी राहिली, दार, दारात हात पुढे करून उभी आई, आणि तो हात रिकामा. किंवा भरलेला. पुढच्या कितीतरी सकाळी. एखादं माप चुकलं तर कापड उसवून पुन्हा जोडता येतं. इथे कुठून उसवायचं? मांडीवरून घसरलेला पडदा तिच्या पायांवर पडला होता, पट्ट्यापट्ट्यांचा, आणि तिला वेड्यासारखं वाटलं की हा आता परत लावायचा की नाही हेसुद्धा आपल्याला ठरवता येत नाहीये. लावला तर आईला बरं. लावला तर खोली अंधारी.

"बोल ना गं काहीतरी," आई म्हणाली. आवाज बारीक झाला होता. लहानपणी ती स्वतः काही फोडून आल्यावर ज्या आवाजात आईशी बोलायची, तसला. "शिव्या दे हवं तर. पण अशी गप्प नको राहूस. गप्प राहिलीस की तू नाहीसच होतेस."

तिनं नुसती मान हलवली, आणि हलवल्यावर तिच्या लक्षात आलं की मान हलवण्याला इथे काही अर्थ नाही.

मग आईनं पलंगाच्या दिशेनं तोंड करून, रोजच्यासारखं, बातमी मागावी तसं विचारलं, "गुंडे, तुझी आई कशी दिसतेय गं? रागावलीय?"

"थांब आजी, बघते."

गुंडी पलंगावरून घसरत उतरली. अनवाणी पावलं फरशीवर थप थप करत आली. फरशीवरच्या आपल्या आईच्या पुढ्यात उकिडवी बसली, आणि आपल्या छोट्या, घामेजल्या, पडद्याच्या कडेला तो डाग पाडणाऱ्या हातानं तिनं आईची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. शिकवलं होतं तसं सगळं बघितलं. आधी उजेड कुठून येतो. मग रंग. मग कपाळावरच्या घड्या, डोळ्यांच्या कडा, ओठांची थरथर. एवढ्या जवळून, एवढं मन लावून तिच्याकडे कुणी पाहिलं होतं, हे तिला आठवेना. पोरीच्या भुवया जवळ आल्या. ओठ एकदा उघडले, पुन्हा मिटले. मागे खुर्चीत आजी मान तिरकी करून, श्वास धरून, बातमीची वाट बघत बसली होती.

गुंडीनं वळून आजीकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. आणि आजीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, तिच्या अगदी तोंडाशी येऊन विचारलं, "आई, काय सांगू?"